सुभक्तीची कसरत: रोजच्या जगण्यात ख्रिस्ती शील कसं घडवावं

रविवारी मी चर्चमध्ये मंडळीपुढे उभा राहून प्रार्थना चालवतो. आवाज शांत असतो, शब्द जपून निवडलेले असतात. सोमवारी सकाळी सात ते आठ या वेळात मात्र आमच्या घरात वेगळाच माणूस वावरायचा. नळाला पाणी यायची वेळ, दोन डबे, धाकटीचा न सापडणारा मोजा आणि माझं ओरडणं. एका रात्री कौटुंबिक प्रार्थनेत थोरली म्हणाली, "प्रभू येशू, पप्पांना सकाळी राग येऊ देऊ नकोस." नऊ वर्षांची होती ती. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. आजीच्या गुडघ्यांसाठी जसं मागते तसंच तिने हेही मागितलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सुधारायचं मी आधीही ठरवलं होतं. वर्षअखेरच्या रात्रीच्या उपासनेत दरवर्षी मनाशी म्हणायचो, यंदा जास्त सहनशील व्हायचं. जानेवारी संपायच्या आत तो निश्चय विरून जायचा. पुढे आमच्या पाळकसाहेबांनी मला एक साधी गोष्ट समजावली आणि गेली काही वर्षं मी तिच्यावरच चालतो आहे. तीच इथे पायरीपायरीने मांडतो.

कसरत हा शास्त्रातलाच शब्द आहे

बायबलमध्ये प्रेषित पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात सांगितलं आहे, "सुभक्तीविषयी कसरत कर." सुभक्ती म्हणजे देवाला मान देऊन जगणं. मूळ ग्रीक क्रियापद 'गुम्नाझे' आहे. आपण आज व्यायामशाळेला जिम म्हणतो, तो शब्द याच कुळातला. तीमथ्य तेव्हा इफिससारख्या मोठ्या ग्रीक शहरात काम करत होता. तालमीत घाम गाळणारी पोरं त्याने रोज पाहिली असणार. पौलाला काय म्हणायचंय ते त्याला चटकन कळलं असेल.

तालमीत कुणी 'आज बलवान होऊ या' असं म्हणून बसत नाही. आज इतक्या बैठका, इतके जोर, असं ठरलेलं असतं. आपण मात्र भक्तीच्या बाबतीत 'प्रेमळ व्हायचं', 'नम्र व्हायचं' असं म्हणतो आणि उठून जातो.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या, नाहीतर पुढचं सगळं वाकडं जाईल. ही कसरत तारण, म्हणजे पापापासून सुटका, मिळवण्यासाठी नाही. तीताला लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात क्रम स्पष्ट आहे: देवाची कृपा आधी प्रकट झाली, आणि तीच कृपा आपल्याला अभक्ती सोडून मर्यादेने, नीतीने, सुभक्तीने वागायला शिकवते. म्हणजे शिक्षिका कृपाच आहे. फिलिप्पैकरांच्या पत्रातही 'भीत व कापत आपले तारण साधून घ्या' या वाक्यापाठोपाठ सांगितलं आहे की इच्छा आणि कृती दोन्ही आपल्यात उत्पन्न करणारा देवच आहे. मुलगी बापाचं बोट धरून चालायला शिकते तेव्हा पाऊल तिलाच टाकावं लागतं, पण तोल बापाने धरलेला असतो. हे विसरून जो कसरत करतो तो दोन महिन्यांत खचतो, नाहीतर इतरांकडे तुच्छतेने पाहू लागतो. मला दुसरा धोका जास्त मोठा वाटतो.

गुण निवडू नका, जागा निवडा

पाळकसाहेबांनी समजावलं ते हेच. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याच्या फळाची यादी येते: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. नऊ नावं, पण 'फळ' हा शब्द एकवचनी आहे, मूळ ग्रीकमध्येही. ही नऊ फळांची टोपली नाही की आज त्यातली सहनशीलता उचलली आणि सौम्यता पुढच्या वर्षी. सगळं एकाच वेलावर, एकत्रच धरतं.

म्हणून गुण निवडण्यापेक्षा जागा निवडा. जागा म्हणजे दिवसातली एक ठरावीक वेळ, एक ठिकाण आणि तिथली माणसं. माझी जागा होती सकाळी सात ते आठ, स्वयंपाकघराचा ओटा, पत्नी आणि दोन मुली. त्या एका तासात नवाच्या नव गोष्टी लागतात, हे तिथे उभं राहिल्यावरच कळलं. कुणाची जागा असेल ऑफिसातली दुपारच्या चहाची वेळ, जिथे गैरहजर माणसाबद्दल बोललं जातं. कुणाची रात्री अकरानंतरची वेळ, हातात मोबाइल आणि बंद दार. कुणाची दुकानाचा गल्ला. कुणाची सासूबाईंचा फोन येतो ती दुपार. कुणाची उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात घोळका जमतो ती पंधरा मिनिटं, आणि तिथे किती माणसं दुखावली जातात हे आपल्या मंडळ्यांमधल्या जुन्या भांडणांकडे पाहिलं की समजतं.

एकच जागा घ्या. दोन घेतल्यात तर दोन्ही सुटतील.

पहिले सात दिवस: नुसतं पाहायचं

एक साधी वही घ्या. पहिला आठवडाभर काहीही बदलायचा प्रयत्न करू नका, रात्री फक्त तीन गोष्टी लिहा: आज त्या जागी काय झालं, त्याच्या आधी काय घडलं होतं आणि मी नेमकं काय बोललो किंवा केलं. 'रागावलो' असं लिहू नका. तोंडातून निघालेले शब्द जसेच्या तसे लिहा. माझ्या वहीत तिसऱ्या दिवशी लिहिलेलं वाक्य होतं, "तुला एक काम नीट जमत नाही." कागदावर ते वाचताना लाज वाटली. बोलताना ते माझं मलाच ऐकू आलं नव्हतं.

'आधी काय घडलं होतं' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा अगदी साधं निघतं. माझ्या सात दिवसांपैकी पाच दिवस मी आदल्या रात्री बारानंतर झोपलो होतो. पाप मनातूनच निघतं, प्रभूने तसं स्पष्ट सांगितलं आहे. पण अपुऱ्या झोपेचा माणूस त्या मनाचं दार सताड उघडं ठेवून झोपलेला असतो. संदेष्टा एलीया रानात रतामाच्या झाडाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला आधी खायला दिलं, झोपू दिलं आणि परत खायला दिलं. देवाचा शब्द त्यानंतर आला.

आठवड्याच्या शेवटी 139व्या स्तोत्रातली शेवटची दोन वचनं प्रार्थना म्हणून म्हणा: देवा, माझं हृदय पारखून पाहा, माझ्यात काही दुष्ट मार्ग आहे का ते पाहा. मग त्या जागेवरच्या माणसाला विचारा, "या वेळेत माझं वागणं तुला कसं वाटतं?" उत्तर मिळेपर्यंत गप्प राहा. मध्ये खुलासा करू नका. या सगळ्या लेखातली सर्वांत अवघड पायरी कोणती, असं मला विचाराल तर हीच. माझी पत्नी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुम्ही आंघोळीला गेलात की आम्ही तिघी जरा मोकळं बोलतो."

काढायचं काय आणि घालायचं काय

इफिसकरांच्या चौथ्या अध्यायात पौलाने जुना मनुष्य काढून टाकायला आणि नवा मनुष्य धारण करायला सांगितलं आहे. कपड्यांची भाषा आहे ती. मळका सदरा उतरवून उघडं बसायचं नसतं, धुतलेला घालायचा असतो. पौल पुढे लगेच उदाहरणं देतो आणि प्रत्येक उदाहरणात दोन्ही बाजू आहेत. खोटं टाकून द्या, शेजाऱ्याशी खरं बोला. चोरी करणाऱ्याने पुन्हा चोरी करू नये, उलट स्वतःच्या हातांनी कष्ट करावेत, तेही गरजवंताला द्यायला जवळ काही असावं म्हणून. हे वाचताना मी दरवेळी थांबतो. चोराने चोरी थांबवली की जग म्हणतं, सुधारला. पौल म्हणतो, अजून नाही. घेणारे हात देणारे होईपर्यंत कपडा बदललेला नाही.

तिथेच आणखी एक शब्द आहे: 'कुजके भाषण'. मूळ ग्रीक शब्द शुभवर्तमानात सडक्या फळांसाठी आणि टाकाऊ मासळीसाठी येतो. तोंडातून ते निघू नये, आणि त्याच्या जागी ऐकणाऱ्याची उन्नती होईल असं निघावं.

आता वहीचं एक पान मधोमध दुमडा. डावीकडे तुमच्या जागेवर जे नेहमी घडतं ते लिहा, उजवीकडे त्याच्या जागी घालायची एक कृती. ही कृती इतकी ठोस हवी की ती केली की नाही हे दुसऱ्यालाही सांगता यावं. माझं पान असं होतं: डावीकडे, मोजा सापडला नाही की ओरडणं. उजवीकडे, रात्री झोपण्याआधी दोन्ही मुलींचे मोजे, रुमाल, ओळखपत्रं मी स्वतः दाराजवळच्या खुर्चीवर ठेवायची. डावीकडे, पत्नीच्या कामातली चूक काढणं. उजवीकडे, एक डबा मी भरायचा आणि तिच्या एका कामाबद्दल आभार मानायचे. 'शांत राहायचं' असं मी उजवीकडे कुठेच लिहिलं नाही. शांती त्या खुर्चीवरच्या मोज्यांमागून आली.

खोट्याचं उदाहरण घ्या. आपण घरून निघालेलोही नसतो आणि फोनवर सांगतो, "पोचतोच आहे." वसुलीवाला आला की मुलाला म्हणतो, "सांग, बाबा घरी नाहीत." मुलगा त्या दिवशी दोन गोष्टी शिकतो. 'तुमचे बोलणे, होय तर होय, नाही तर नाही' हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं वचन अशा फोनवरच्या वाक्यांना तंतोतंत लागू पडतं. उजव्या बाजूला लिहा: "अजून निघालो नाही, अर्धा तास लागेल." पहिल्या आठवड्यात हे बोलताना जीभ अडखळते.

पैशाच्या बाबतीत आपण भक्ती आणि व्यवहार वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो, शास्त्र ठेवत नाही. लेवीय 19मध्ये खऱ्या तराजूची आणि खऱ्या मापाची आज्ञा आहे. त्याच अध्यायात 'शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर' ही आज्ञाही आहे, आणि मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवून घेऊ नये, असंही तिथेच सांगितलं आहे. घरकाम करणाऱ्या मावशींचा पगार एक तारखेला ठरलेला असताना सहा तारखेला त्या मागायला आल्यावर देणं, भाजीवालीशी पाच रुपयांसाठी घासाघीस करून संध्याकाळी उपासनेत दानाचं पाकीट टाकणं, पावती टाळून कर वाचवणं: तुमची जागा पैशाची असेल तर वहीच्या डाव्या बाजूला हे असंच नाव घेऊन लिहा.

तो क्षण येण्याआधी

परीक्षेच्या क्षणी माणूस नवं काही रचत नाही, तयार असेल तेच बाहेर येतं. म्हणून तयारी आदल्या रात्री आणि पहाटे.

त्या जागेसाठी एक वचन पाठ करा. रागासाठी नीतिसूत्रे 15मधलं 'मृदू उत्तराने कोपाचे निवारण होते' किंवा याकोबाच्या पहिल्या अध्यायातलं ऐकण्यास तत्पर आणि बोलण्यास मंद असण्याविषयीचं. जिभेसाठी 141व्या स्तोत्रातली प्रार्थना: परमेश्वरा, माझ्या तोंडावर पहारा ठेव. पाठ म्हणजे घोकून टाकलेलं नाही. सकाळी दात घासताना, गाडी सुरू करताना, नळाखाली बादली भरताना ते मनात फिरवा. वाचनाची सवय मोडलेली असेल तर नीतिसूत्रांपासून सुरुवात करा. अध्याय 31 आहेत, महिन्याच्या तारखेप्रमाणे रोज एक. भाषा जड वाटत असेल तर सोप्या मराठीतलं भाषांतर घ्यायला काहीच हरकत नाही. पंडिता रमाबाई केडगावच्या मुक्ती मिशनचा सारा संसार सांभाळत असताना हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि वर्षानुवर्षं भाषांतर करत बसल्या, ते कमी शिकलेल्या बायकांनाही देवाचं वचन स्वतः वाचून कळावं यासाठीच. 1922मध्ये त्या वारल्या आणि त्यांचं मराठी बायबल 1924मध्ये छापून निघालं.

दुसरी तयारी: त्या क्षणी बोलायचं वाक्य आधीच ठरवून ठेवा. माझं वाक्य आहे, "थांब, मी शोधतो." चहाच्या टेबलावर चुगली सुरू झाली तर, "त्यांनाच विचारू या ना." सासूबाईंच्या फोनवर, "आई, मी विचार करून संध्याकाळी सांगते." ही वाक्यं दोन-तीनदा मोठ्याने म्हणून बघा. ऐनवेळी तीच उपयोगी पडतात.

क्षमा मागायची ती कशी

चुका होणारच. तेव्हा मत्तय 5मधला क्रम पाळायचा: वेदीजवळ अर्पण आणलं आणि भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीच्या, आदल्या दिवशी, शनिवारी, मी वही उघडून हे तपासतो.

क्षमा मागताना चुकीचं नाव घ्या. "काही चुकलं असेल तर माफ कर" या वाक्यात कबुली नाही, आपल्या मंडळ्यांत ते फार चालतं म्हणून मुद्दाम सांगतो. "सकाळी मी तुला मुलींसमोर निष्काळजी म्हणालो. ते चुकीचं होतं. मला क्षमा कर." इतकं पुरे. पुढे 'पण' लावू नका. 'पण तूही' तर अजिबात नको. मुलांचीही क्षमा मागा, त्यांच्या उंचीला बसून. त्याने आईवडिलांचा मान कमी होतो असं मलाही वाटायचं. माझ्या घरी तो कमी झाला नाही. थोरली आता स्वतःहून येऊन सांगते की बाईंनी दिलेला निरोप तिने लपवला होता.

नुकसान पैशाचं असेल तर शब्दांनी भागत नाही. लूक 19मधल्या जकातदार जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवून घेतलं त्याच्या चौपट परत द्यायचं ठरवलं. किती, कुणाला, कोणत्या तारखेपर्यंत, हे वहीत लिहा.

इथे एक इशारा जीव तोडून देतो. सहनशीलता म्हणजे मार खाणं नव्हे. नवरा मारत असेल, मुलाशी कुणी घाणेरडं वागत असेल, तर 'क्षमा कर आणि गप्प राहा' असा सल्ला देणारा शास्त्राचा गैरवापर करतो आहे. महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098 आणि तातडीसाठी 112 हे क्रमांक लावा, सुरक्षित जागी जा. मनातली क्षमा आणि पोलिसांतली तक्रार यांत विरोध नाही.

जी जागा आपण वहीत लिहीतच नाही

मराठी ख्रिस्ती घरांत एक जागा हमखास सुटते: सोयरिकीची बैठक. तिथे मूळ जात विचारली जाते, हळू आवाजात. हुंड्याला 'मुलीच्या आनंदासाठी' असं नाव मिळतं. वर्षभर 'ख्रिस्तात सगळे एक' म्हणणारी आपण माणसं त्या एका संध्याकाळी जुना सदरा पुन्हा अंगावर चढवतो. लक्ष्मीबाई टिळक सोवळ्याओवळ्यात वाढल्या. 1895मध्ये त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. 1900मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, पण विटाळाची कल्पना त्यांनी त्याआधीच विचार करकरून मनातून काढून टाकली होती, आणि मग इतरांच्या हातचं खाणंपिणं सुरू केलं. आधी विचार, मग ताटावरची कृती. आज लग्नाच्या बैठकीला जाण्याआधी घरात एकत्र बसून 'हा प्रश्न आपण विचारणार नाही' असं ठरवायला तेवढंच धैर्य लागतं.

एक सोबती

आपल्याच वयाच्या आसपासचा, पुरुषाने पुरुष आणि स्त्रीने स्त्री, असा एक जण शोधा जो ऐकलेलं पोटात ठेवतो. आठवड्यातून वीस मिनिटं पुरतात, फिरायला जातानाही चालेल. त्याने तीन प्रश्न विचारायचे: त्या जागी या आठवड्यात काय झालं? कुणाची क्षमा मागायची राहिली आहे? आत्ता मला सांगताना काय गाळलंस? तिसरा प्रश्न वगळू नका. मग एकमेकांसाठी प्रार्थना करा आणि उठा. 'प्रार्थनेसाठी सांगते हं' म्हणत दुसऱ्याची गोष्ट तिसऱ्याकडे पोचवणारी व्यक्ती कितीही भक्तिमान वाटली तरी ती टाळा.

मुदत चाळीस दिवस

लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या) दिवसांइतकी, म्हणजे चाळीस दिवसांची मुदत मला मानवते. पहिले सात पाहण्याचे, उरलेले तेहतीस कसरतीचे. मधे पडाल. मी अकराव्या दिवशी इतका ओरडलो की शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. त्या रात्री वही फेकून द्यावीशी वाटली. शिष्य पेत्राने 'मी येशूला ओळखत नाही' असं तीनदा म्हणून त्याला नाकारलं तेव्हा तिथे कोळशांचा विस्तव पेटलेला होता, आणि योहानाच्या 21व्या अध्यायात प्रभूने त्याला पुन्हा जवळ बोलावलं तेव्हाही किनाऱ्यावर कोळशांचा विस्तवच होता, त्यावर मासळी भाजत होती. प्रभूने पेत्राला त्याच्या पडण्याच्या जागेसारख्याच जागी उभं केलं, आधी न्याहारी दिली आणि मग तीनदा विचारलं, तू माझ्यावर प्रीती करतोस का? अकराव्या दिवसानंतर बारावा दिवसच येतो, पहिला नाही. वहीत तारीख घालून पुढे लिहा.

चाळिसाव्या दिवशी पहिल्या आठवड्याची पानं आणि शेवटच्या आठवड्याची पानं शेजारी ठेवून वाचा, देवाचे आभार माना आणि पुढची जागा निवडा. ही दुसरी निवड मात्र स्वतः करू नका, घरच्यांना करू द्या. आमच्याकडे धाकटीने निवडली: रात्रीचं जेवण, आणि पप्पांचा फोन.